घडीचा तीन फुटी रॅम्प : सोलापुरातील आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या फेब्रुवारीत मी ॲल्युमिनियमचा, मधोमध दुमडणारा, तीन फूट लांबीचा, व्हीलचेअर पायरीवर चढवण्यासाठीचा एक रॅम्प विकत घेतला. पुण्याच्या एका विक्रेत्याकडून तो मागवला आणि वाहतूक धरून नऊ हजारांच्या आसपास पडला. त्याला आता आठ महिने झाले. या काळात सोलापूरचा उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही त्याने पाहिले, आणि मी त्याच्यावरून औषधांच्या दुकानात, खानावळीत, कापडाच्या दुकानात, शिंप्याकडे आणि दोन नातेवाइकांच्या घरी जाऊन आले. असा रॅम्प घ्यावा की नाही, असे मला अलीकडे बरेच जण विचारतात. त्यांना फोनवर तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा सगळे एकदा सविस्तर लिहावे, म्हणून हे परीक्षण.

पाठीच्या कण्याला इजा झाल्यापासून, म्हणजे नऊ वर्षांपासून, मी व्हीलचेअर वापरते. माझे वजन ५८ किलो आणि खुर्चीचे १८ किलो आहे. घर विजापूर रोडला असले तरी खरेदी आणि इतर कामे बहुतेक नवी पेठेत आणि सात रस्त्याच्या बाजूला असतात. सोबत माझी भाची असते. ती एकोणीस वर्षांची, काटक मुलगी आहे, पण रॅम्प उचलणे, लावणे आणि खुर्ची ढकलणे ही तिन्ही कामे तिला एकटीलाच करावी लागतात. म्हणून या वस्तूबद्दल मी जे काही लिहीत आहे, ते तिच्या हातांच्या आणि कमरेच्या हिशेबाने लिहीत आहे.

घडी घातली की रॅम्प एखाद्या मोठ्या, चपट्या पेटीसारखा दिसतो : लांबी तीन फूट, रुंदी साधारण सव्वा फूट आणि वर धरायला काळी प्लास्टिकची मूठ. उघडला की रुंदी अडीच फूट होते. माझ्या खुर्चीची चाकांसकट रुंदी २६ इंच असल्याने दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच उरतात, आणि कडांना दोन इंच उंचीची पट्टी असल्याने चाक बाहेर घसरत नाही. पृष्ठभागावर सँडपेपरसारखा खरखरीत थर आहे. वरच्या टोकाला एक जीभ आहे, ती पायरीवर टेकते; खालच्या टोकाला बिजागरीची पातळ पट्टी आहे, ती जमिनीला लागते. वजन साडेसात किलो. आम्ही घरच्या काट्यावर मोजले, ते विक्रेत्याने सांगितल्याप्रमाणेच भरले. रिक्षात मागे घडीची खुर्ची आणि पुढे पायांपाशी उभा रॅम्प अशी व्यवस्था बसते. फक्त मीटरच्या बाजूने तो चालकाच्या कोपराला लागणार नाही, हे पाहावे लागते.

हा रॅम्प येण्यापूर्वी दुकानात कसे जात होते, ते सांगितल्याशिवाय त्याची किंमत कळणार नाही. सोलापूरची माणसे मदतीला मागेपुढे पाहत नाहीत. दुकानासमोर खुर्ची थांबली की शेजारचा पानवाला, हमाली करणारे दादा, रिक्षाच्या रांगेतले दोघे लगेच येतात आणि "अक्का, तुम्ही नुसतं बसून राहा" म्हणत चौघे मिळून खुर्ची उचलतात. त्यांच्या मनाच्या चांगुलपणाबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती. पण खुर्ची कुठे धरायची, हे त्यांना माहीत नसते. कोणी हाताच्या दांड्याला धरतो, आणि तो दांडा काढता-घालता येणारा असल्याने वर उचलताच हातात येतो. कोणी चाक धरतो, ते फिरते. कोणाचा हात माझ्या दंडाखाली, कोणाचा पाठीमागे, कोणाचा मांडीशी येतो. एका दुपारी अशीच खुर्ची तिरकी झाली आणि मी पुढे सरकले, तेव्हा एका अनोळखी माणसाने मला कमरेला धरून सावरले. त्याने धरले नसते तर मी पडले असते. मी त्याचे आभार मानले, आणि घरी आल्यावर पुढचे तीन महिने एकाही दुकानात गेले नाही. ब्लाउजपीस आणायचे असले की भाची फोटो पाठवत असे आणि मी घरी बसून रंग सांगत असे. फोटोत मोरपंखी आणि हिरवा एकसारखे दिसतात.

रॅम्पने मला पहिली गोष्ट दिली ती ही, की आत जाण्यासाठी आता माझ्या अंगाला कोणाचा हात लागत नाही. या एका कारणासाठी मी तो पुन्हा विकत घेईन.

आता त्याच्या मर्यादेकडे वळते, कारण विकणारे ती स्पष्ट सांगत नाहीत. आपल्याकडे सार्वजनिक इमारतींच्या रॅम्पसाठी जे प्रमाण मानले जाते, ते एकास बारा असे आहे, म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबी. या प्रमाणाने तीन फुटांचा रॅम्प फक्त तीन इंचांच्या पायरीला पुरतो. सोलापुरात तीन इंचांची पायरी म्हणजे जवळपास उंबराच. जुन्या पेठांतल्या दुकानांसमोर आधी गटार, गटारावर शहाबादी फरशी आणि त्यानंतर जोत्याची पायरी असते, आणि ती पायरी मी मोजलेल्या ठिकाणी साडेचार इंचांपासून नऊ इंचांपर्यंत निघाली. काही ठिकाणी अशा दोन आहेत.

हिशेब सरळ आहे. माझे आणि खुर्चीचे मिळून वजन ७६ किलो. एकास बाराच्या चढावर मला वर ढकलायला साधारण सव्वासहा किलोचा जोर लागतो, तो भाची बोलता बोलता लावते. सहा इंचांच्या पायरीला हाच रॅम्प लावला की चढ एकास सहा होतो आणि जोर दुप्पट, म्हणजे साडेबारा किलोच्या वर जातो. भरलेली कळशी उचलून नव्हे, तर पुढे ढकलत चढवावी असे ते काम आहे. ती ते करते, पण आधी चप्पल नीट घालते, ओढणी कमरेला खोचते आणि वर पोहोचेपर्यंत एक शब्द बोलत नाही. नऊ इंचांच्या पायरीला चढ एकास चार होतो. तो आम्ही एकदाच करून पाहिला. अर्ध्यावर खुर्चीची पुढची लहान चाके हलकी झाल्याचे मला जाणवले, आणि मी ओरडून तिला थांबवले. तेव्हापासून सहा इंच ही आमची सीमा ठरली आहे. सोबतचा माणूस दणकट असेल आणि बसणारा हलका असेल, तर ती थोडी पुढे जाईल. सोबत कोणी नसेल आणि स्वतःच्या हातांनी चाके फिरवत जायचे असेल, तर चार इंचांच्या पुढे मी कोणाला सुचवणार नाही.

म्हणून घेण्याआधी टेप घेऊन स्वतःच्या नेहमीच्या पाच-सहा ठिकाणांच्या पायऱ्या मोजून घ्या. आम्ही हे नंतर केले, आधी करायला हवे होते.

ज्या पायऱ्या या मापात बसतात, तिथे रॅम्प अतिशय चोख काम करतो. आमच्या नेहमीच्या औषधांच्या दुकानाची पायरी साडेचार इंचांची आहे. भाची रॅम्प उघडते, जीभ पायरीवर किमान दोन इंच आत टेकवते, पाय देऊन हलतो का पाहते आणि मग मला वर घेते. हे सगळे मिनिटभरात होते. आठ महिन्यांपूर्वी मी बाहेर रस्त्यावर बसत असे आणि औषधवाले दादा काउंटरवरून मोठ्याने विचारत, "ताई, पिशवी कोणत्या नंबरची देऊ?" ती लघवीची पिशवी असे, आणि शेजारच्या टपरीवर चहा पिणारे सगळे ऐकत. आता मी काउंटरपाशी जाऊन हळू आवाजात सांगते.

उतरताना मात्र एक काळजी घ्यावी लागते. खुर्ची नेहमी उलटी, पाठ रस्त्याकडे करून उतरवावी आणि सोबतच्या माणसाने खालच्या बाजूला उभे राहून तिला आधार द्यावा. तोंड रस्त्याकडे करून उतरल्यास बसलेला माणूस पुढे घसरतो. रॅम्पबरोबर आलेल्या कागदावर हे चित्रासह दिले आहे, पण सगळा मजकूर इंग्रजीत आहे. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या वस्तूबरोबर मराठीत एक पान छापायला काय अडचण असावी, हे मला समजत नाही. ढकलणारा माणूस अनेकदा घरातली आजी असते किंवा कामाला येणाऱ्या बाई असतात.

खानावळीचा अनुभव थोडा वेगळा आहे. सात रस्त्याच्या बाजूला एका खानावळीत पाच इंचांची पायरी आहे, आणि तिथे आम्ही आरामात आत गेलो. चार वर्षांनी मी घराबाहेर ताटावर बसून कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही खाल्ले. मालकांनी स्वतः एक खुर्ची काढून जागा केली. पण टेबलाखाली आडवी लोखंडी पट्टी होती, तिला माझ्या खुर्चीचे पायठेवणे अडत होते. त्यामुळे ताट हातभर लांब राहिले आणि मी ते मांडीवर घेऊन जेवले. पुढे हात धुण्याची जागा एका पायरीवर होती, आणि स्वच्छतागृहाचे दार दोन फुटांचे. माझी खुर्ची २६ इंचांची असल्याने प्रश्नच मिटला. रॅम्प दरवाजापर्यंत नेतो, त्याच्या पुढचे त्याच्या हातात नाही. चार पायांचे, मध्ये पट्टी नसलेले एक टेबल दाराजवळ ठेवले असते तरी माझे जेवण पूर्ण झाले असते. जाताना मी ते मालकांना सांगितले आणि त्यांनी लक्ष देऊन ऐकले.

एका बँकेच्या शाखेत कायमचा सिमेंटचा रॅम्प बांधलेला आहे, म्हणून तिथे मी आमचा रॅम्प घरीच ठेवून गेले होते. बांधलेल्या रॅम्पच्या तोंडाशी सात मोटारसायकली उभ्या होत्या. सुरक्षारक्षक काका भले गृहस्थ. त्यांनी "मॅडम, तुम्ही इथंच सावलीत थांबा, साहेब कागद घेऊन बाहेर येतील" असे सांगितले, आणि साहेब खरोखरच आले. पण केवायसीचे कागद, आधार आणि पासबुक फुटपाथवर मांडीवर पसरून सही करणे आणि आत टेबलावर बसून सही करणे यांत फरक आहे. पैशांचा व्यवहार रस्त्यावर करावा लागू नये, एवढेच माझे म्हणणे होते. त्या गाड्या कोणाच्या होत्या, हे विचारल्यावर चार जण आतूनच आले, आणि त्यांतले दोघे कर्मचारी होते.

वस्तूचे दोष सांगते. ॲल्युमिनियम उन्हात तापते. एप्रिलमध्ये पारा ४२ अंशांवर असताना दहा मिनिटे बाहेर राहिलेल्या रॅम्पच्या कडेला भाचीने उघडा हात लावला आणि बोटांवर फोड आला. मूठ प्लास्टिकची असली तरी उघडताना आणि लावताना कडाच धराव्या लागतात. आता आम्ही दोन्ही कडांना जुन्या सोलापुरी टॉवेलचे तुकडे शिवून बसवले आहेत, आणि तो उपाय टिकला आहे. बिजागरीत धूळ बसते आणि घडी अडते. पहिल्यांदा आम्ही तेल सोडले, ती चूक होती, कारण तेलावर धूळ अधिक चिकटली. आता कोरड्या ब्रशने झाडतो. पावसात खरखरीत थराची पकड चांगली राहते, पण खालची पट्टी ओल्या शहाबादी फरशीवर सरकते. तिथे खाली गोणपाट अंथरावे लागते. पाठवणीत एक पिन कमी आली होती, ती बारा दिवसांनी मिळाली. सोलापुरात अशा वस्तू मांडलेले, हात लावून पाहता येईल असे दुकान मला सापडले नाही, त्यामुळे न पाहताच मागवावा लागला.

आणखी काही सूचना. कुबड्या किंवा वॉकर वापरणाऱ्यांसाठी हा रॅम्प नाही. एवढ्या तीव्र चढावर कुबडीचे टोक निसटते, त्यांना पायरी आणि धरायला एक भक्कम कठडा अधिक सोयीचा पडतो. रस्त्यावर रॅम्प लावून ठेवून गप्पा मारत राहू नये, कारण पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला तो अनपेक्षितपणे आडवा येतो. काम झाले की लगेच उचलावा. रेल्वेच्या डब्यात चढण्यासाठी तो वापरण्याचा विचारही करू नये, तिथली उंची आणि फट या वस्तूच्या मापातली नाही. जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याच्या यात्रेला नेण्याचीही गरज नाही, कारण मैदान सपाट आहे आणि गर्दीत ही पेटी लोकांच्या पायात येते.

आता कायद्याबद्दल, कारण आठ महिन्यांत किमान पाच दुकानदारांनी मला "हे सरकारी कार्यालयांना असतं, आम्हाला नाही" असे सांगितले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात सार्वजनिक इमारतीची जी व्याख्या आहे, तिच्यात सर्वसामान्य लोक ये-जा करतात अशा खासगी इमारतीही येतात, आणि व्यापारासाठीच्या जागांचा तिच्यात स्पष्ट उल्लेख आहे. कलम ४५ प्रमाणे अशा जुन्या इमारती सुगम करण्यासाठी नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये निघाले. कलम ४६ सेवा देणाऱ्यांबद्दल आहे आणि तेही सरकारी-खासगी असा भेद करत नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना, सुगम्यतेचा नियम केवळ शिफारशींच्या स्वरूपात असणे मूळ कायद्याशी विसंगत आहे असे ठरवले आणि बंधनकारक किमान मानके करण्यास सांगितले. हे मी दुकानदारांना भीती घालण्यासाठी सांगत नाही. माझे बहुतेक दुकानदारांशी वर्षानुवर्षांचे संबंध आहेत. पण मी आत येऊ पाहते तेव्हा उपकार मागत नसते, एवढे दोघांनाही माहीत असलेले बरे.

जुन्या पेठेतल्या दुकानदाराची अडचणही मी समजून घेतली आहे. साडेसात इंचांच्या पायरीला नियमाप्रमाणे पक्का रॅम्प बांधायचा तर तो साडेसात फूट पुढे येतो, म्हणजे गटार ओलांडून थेट रस्त्यात. तिथे हातगाड्या आहेत, रिक्षा आहेत, आणि महापालिका तो ठेवू देणार नाही. आतल्या बाजूने फरशी उतरती करून घेणे हा एक मार्ग आहे, पण दुकान दहा फूट खोल असेल तर बरीच जागा त्यात जाते. अशा ठिकाणी घडीचा रॅम्प हाच व्यवहार्य उपाय आहे. आणि इथेच या वस्तूबद्दलचे माझे मुख्य मत आहे : तो माझ्याकडे असण्यापेक्षा दुकानात असायला हवा. मला तो रिक्षातून वाहावा लागतो, भाचीला एका हाताने उचलावा लागतो, म्हणून मी तीन फुटांच्या पुढे जाऊ शकत नाही, आणि तीन फुटांत चढ तीव्रच होणार. दुकानदाराला तो कुठेही न्यायचा नाही. शटरमागे भिंतीला उभा करून ठेवायचा आहे. तो पाच किंवा सहा फुटांचा घेऊ शकतो, आणि मग साडेसात इंचांच्या पायरीचा चढही कमी तीव्र होतो. दुकानात तो माझ्याखेरीज बाळाच्या गाडीला, मालाच्या ट्रॉलीला आणि गुडघे दुखणाऱ्या, हात धरून हळूहळू चढणाऱ्या आजीबाईंनाही उपयोगी पडेल.

हे मला सुचले ते नवी पेठेतल्या एका चादरींच्या दुकानासमोर. मालक तेलुगू घरातले, साठीच्या पुढचे. त्यांच्याकडून आमच्या घरी आईच्या काळापासून चादरी आणि टॉवेल येतात. बहिणीच्या मुलाच्या लग्नात आहेराला द्यायच्या बारा चादरी मला स्वतः हात लावून निवडायच्या होत्या. पायरी आमच्या सीमेच्या वरची होती, हे दिसतच होते, तरी मी हट्ट धरला. भाचीने रॅम्प लावला, तर खालची फरशी एका कोपऱ्याला डुगडुगत होती. मालक स्वतः गल्ल्यावरून उठून आले, गोणपाटाची घडी करून कोपऱ्याखाली सरकवली आणि स्वतःचा पाय देऊन पाहिला. भाचीने ढकलायला सुरुवात केली. मध्यावर तिच्या पायातली चप्पल मागे सरकली, माझ्या मानेमागे तिचा श्वास ऐकू येत होता, आणि दुकानातला मुलगा धावत येऊन तिच्या शेजारी, खुर्चीच्या दुसऱ्या मुठीला लागला. माझ्या अंगाला त्याचा हात लागला नाही. आम्ही वर पोहोचलो तेव्हा भाचीचा चेहरा लाल झाला होता आणि मालकांनी तिला आधी पाणी दिले, मग मला.

मी तासभर चादरी पाहिल्या. मयूरपंखी नक्षीची एक घडी उलगडून तिचा काठ बोटांत धरला, वीण दाट आहे का पाहिली, आणि तीन नाकारल्या. निघताना मालक म्हणाले, "अक्का, पोरीला लई ताप झाला बघा. हे याच्याहून लांब मिळतं का?" मी म्हटले, मिळते, सहा फुटांचे मिळते, पण ते आम्हाला उचलणार नाही. त्यांनी काही उत्तर दिले नाही. कापड मोजायची लोखंडी मीटरपट्टी घेतली, बाहेर येऊन फरशीवर उकिडवे बसले आणि पायरीला ती उभी लावून पाहिली. एकोणीस सेंटिमीटर, असे त्यांनी आतल्या मुलाला सांगितले आणि त्याने ते बिलाच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून घेतले. त्याखाली मी विक्रेत्याचा नंबर लिहून दिला.